यंत्राची स्मरणशक्ति : बॅटरी कीं कपॅसिटर?

फडताळांत ठेवलेली विजेरी सहा महिन्यांनीं काढून पाहावी, तों तिच्या पोटांतील सेल फुटून आंत सर्वत्र पांढरें पीठ व हिरवा गंज माजलेला असावा, हा अनुभव ज्यांना नाहीं असें घर क्वचितच सांपडेल. सेल अल्प किंमतीचा, पण तो आपल्याबरोबर त्याहून पुष्कळ महाग विजेरी घेऊन जातो. हाच अनुभव सन २०२३ च्या जून महिन्यांत आम्हांस अमेरिकेंत, शिकागोजवळच्या एका उपनगरांत, आमच्या पुतण्याच्या घरीं आला. फरक इतकाच कीं, तेथें विजेरीच्या जागीं माणसाच्या छातीइतक्या उंचीचें खेळाचें एक यंत्र होतें, आणि त्या सेलाबरोबर आमच्या दिवंगत बंधूंचा एक आंकडाही पणास लागला होता. त्यानिमित्त जें पाहिलें व शिकलों तें वाचकांपुढें ठेवीत आहों. पिनबॉलचें यंत्र आपल्याकडे फारसें कोणाच्या घरीं नाहीं हें आम्ही जाणतों; परंतु सेल नसलेलें घर मात्र एकही नाहीं.

आमचे धाकटे बंधु १९७१ सालीं नोकरीनिमित्त शिकागोस गेले. मनुष्य हिशेबी, चैन म्हणून ठाऊक नाहीं. तरी १९८६ सालीं एक खेळाचें दुकान मोडीत निघालें तेव्हां त्यांनीं तेथील एक जुनें पिनबॉल यंत्र विकत घेऊन तळघरांत आणून ठेवलें. रविवारीं दुपारीं जेवण झालें कीं बाप-लेक खालीं जात आणि चहाच्या वेळेपर्यंत वर येत नसत. १९९४ सालच्या एका रविवारीं बंधूंनीं ६,४८,२७० गुण मिळविले. पुढें तो उच्चांक कोणासही मोडतां आला नाहीं. यंत्र चालू करून कोणी खेळत नसलें म्हणजे वरच्या कांचेमागें तो आंकडा नारिंगी रंगांत थांबून थांबून झळके. २०१६ सालीं बंधु गेले. आंकडा झळकतच राहिला.

खेळाचा पूर्ववृत्तांत

आमच्या लहानपणीं लाकडी फळीवर खिळे ठोकून, त्यांतून गोळी सोडून खेळावयाचा ‘बॅगाटेल’ हा खेळ कांहीं घरांत असे. पिनबॉल हा त्याचाच वंशज. सिनसिनाटी शहरांतील माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनीं १८७१ सालीं गोळी उडविण्यासाठीं स्प्रिंगचा दट्ट्या योजून त्याचें पेटंट घेतलें. १९३१ सालीं शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यांनीं ‘बॅफल बॉल’ नांवाचें छोटें यंत्र बाजारांत आणलें. तो मंदीचा काळ होता. एका सेंटांत घटकाभर करमणूक होई म्हणून तें हजारोंनीं खपलें. त्या वेळीं गोळी एकदां सोडली कीं पुढें सर्व दैवाधीन असे. म्हणून हा जुगारच होय असें ठरवून न्यू यॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनीं १९४२ सालीं त्यावर बंदी घातली, व पोलिसांकरवीं यंत्रें हातोड्यांनीं फोडविलीं.

१९४७ सालीं गॉटलिब यांच्याच कारखान्यानें ‘हम्टी डम्टी’ या यंत्रांत दोन्ही बाजूंस फ्लिपर, म्हणजे कळ दाबतांच फडफडणारे लहान दांडे, बसविले, आणि घरंगळणारी गोळी परत वर मारणें खेळणाराच्या हातीं आलें. दैवाच्या खेळांत कौशल्य शिरलें. १९७६ सालीं रॉजर शार्प या गृहस्थांनीं न्यू यॉर्कच्या नगरसभासदांसमोर यंत्रावर खेळून दाखविलें. गोळी कोणत्या वाटेनें जाईल हें आधीं सांगितलें व ती तशीच गेली. त्यानंतर तेथील बंदी उठली.

त्याच सुमारास यंत्राच्या अंतरंगांतही क्रांति झाली. तोंवर गुण मोजण्याचें काम विजेच्या चुंबकांनीं फिरणारीं आंकड्यांचीं चाकें करीत. १९७५ नंतर दोनचार वर्षांतच चाकें जाऊन त्यांच्या जागीं सूक्ष्म संगणक आले. शिकागोच्या बॅली, विल्यम्स, स्टर्न व गॉटलिब या चारही मोठ्या कारखान्यांनीं हा मार्ग धरला.

यंत्रास आठवतें कसें?

या बदलांत एक गोष्ट मोठ्या गमतीची आहे. जुन्या चाकांच्या यंत्राची वीज गेली तरी चाक होतें तेथेंच थांबे, आणि शेवटच्या खेळाचा आंकडा जसाच्या तसा दिसे. त्यास सेल लागत नसे. नव्या यंत्राची गणनशक्ति शतपट वाढली, पण वीज बंद होतांच त्याची पाटी कोरी होऊं लागली!

यावर उपाय म्हणून कारखानदारांनीं एक लहानशी स्मृतिचिप निवडली. त्या काळीं बहुतेकांनीं वापरलेल्या चिपचा अनुक्रमांक ५१०१. तिच्यांत १,०२४ खुणा राहतात, आणि प्रत्येक खूण म्हणजे एक ‘होय’ किंवा ‘नाहीं’. एवढ्या जागेंत एका पोस्टकार्डावरील मजकूरही मावणार नाहीं. परंतु उच्चांक, शिल्लक राहिलेले खेळ, आणि मालकाच्या हिशेबासाठीं किती नाणीं पडलीं याची नोंद, इतकें त्यांत सहज राहतें. या चिपचा मोठा गुण म्हणजे तिचा मिताहार. काम करतांना तिला पांच व्होल्ट लागतात. परंतु नुसतें स्मरण ठेवावयाचें असेल तर दोन व्होल्ट पुरतात, आणि त्या वेळीं ती जास्तींत जास्त दहा मायक्रोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा एक लक्षांश, इतकाच प्रवाह घेते. बहुधा तर याहूनही पुष्कळ कमी.

ही उपासाची वेळ भागविण्यासाठीं सर्किट बोर्डावर बॅटरी बसविली जाई. कांहीं कारखाने ३.६ व्होल्टांची निकेल-कॅडमियम बॅटरी बोर्डालाच डाख देऊन जोडीत. यंत्र चालू असतां ती भरे, व बंद असतां चिपला पुरवठा करी. दुसऱ्या कांहींनीं पेन्सिल सेलासाठीं तीन घरें ठेवलीं. ते सेल मालकानें वेळोवेळीं बदलावे अशी अपेक्षा. दोन्ही योजना कागदावर उत्तम होत्या. पण नाण्यांवर चालणारें यंत्र चार पांच वर्षें दुकानांत राहून मग मोडींत जाईल, अशा हिशेबानें तीं बांधलेलीं असत. चाळीस वर्षांनींही लोक तीं जपून ठेवतील हें कोणाच्या ध्यानीं आलें असेल?

सेल फुटतो तेव्हां

आम्ही गेलों त्या आठवड्यांत यंत्र रुसलें होतें. कळ दाबली कीं एकदां सुरू होई, दोनदां होत नसे. पुतण्यानें मागच्या पेटीचें कुलूप काढून दार उघडलें. आंतील बोर्डावर बॅटरीच्या दोन्ही टोकांशीं निळसर हिरवी बुरशी फुलल्यासारखी दिसत होती, आणि तिची लव शेजारच्या तांब्याच्या रेषांवरून पसरत गेली होती.

निकेल-कॅडमियम बॅटरींत, आणि आपल्या नेहमींच्या अल्कलाइन सेलांतही, पोटॅशियम हायड्रॉक्साइड नांवाचा तीव्र क्षार असतो. वय झालें म्हणजे सेलाचें तोंड सैल पडतें व क्षार झिरपूं लागतो. हवेंतील कार्बन डायॉक्साइडशीं त्याचा संयोग होऊन पांढरी पूड धरते. तांब्याला लागला कीं हिरवा गंज चढतो. तो एका जागीं थांबत नाहीं. तारेच्या प्लॅस्टिक वेष्टणाखालून, चिपच्या पायांमधून तो सरपटत जातो. त्यांतून बॅटरीच्या शेजारींच यंत्र सुरू होतांना संगणकास जागें करणारा भाग असला, तर पहिला घाव त्याच्यावर बसतो. जिला स्मृतीचें रक्षण करावयास ठेविलें तीच यंत्राच्या मुळावर उठते.

बॅटरी तात्काळ काढणें प्राप्त होतें. कात्री हातांत घेऊन पुतण्या थांबला. म्हणाला, “काका, ही काढली तर बाबांचा आंकडा जाईल.”

आम्हांसही काय बोलावें तें सुचेना. बॅटरी ठेवावी तर महिन्या दोन महिन्यांत बोर्ड जाणार, आणि बोर्डाबरोबर आंकडाही जाणारच. काढावी तर आंकडा आपल्या हातानें पुसावयाचा. शास्त्रानें उत्तर स्पष्ट होतें, पण हात पुढें होईना. इतक्यांत जिन्यावरून भावजय खालीं आल्या. सर्व ऐकून घेऊन त्या शांतपणें म्हणाल्या, “भावोजी, तो आंकडा ह्यांच्या वहींत आहे कीं. त्या दिवशीं वर आल्याबरोबर लिहिला होता.” त्या वर गेल्या व १९९४ सालची जमाखर्चाची वही घेऊन आल्या. दूध, पेट्रोल आणि विजेचें बिल यांच्याखालीं बंधूंच्या बारीक अक्षरांत तारखेसह तो आंकडा होता, आणि पुढें कंसांत, ‘चिरंजीव साक्षीस होते.’ पुतण्यानें तें दोनदां वाचलें, वही बाजूस ठेवली आणि बॅटरीचे पाय कापले.

विजेची बरणी

बॅटरीच्या जागीं काय बसवावें हा पुढचा प्रश्न. पुतण्यानें कपॅसिटर निवडला. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यास धारित्र म्हणतात. बॅटरी व कपॅसिटर यांत मूळचा भेद आहे. बॅटरींत रासायनिक क्रियेनें वीज उत्पन्न होते. कपॅसिटरांत बाहेरून आणलेली वीज नुसती सांठवितात. बॅटरी ही चूल म्हटली तर कपॅसिटर हा पाण्याचा हंडा. १७४५-४६ सालीं फॉन क्लाइस्ट व लेडन शहरचे मुसखेनब्रूक यांनीं स्वतंत्रपणें जी बरणी सिद्ध केली, ती ‘लेडनची बरणी’ म्हणजे पहिला कपॅसिटर होय.

मात्र सामान्य कपॅसिटरांची धारणा इतकी अल्प असते कीं ती मायक्रोफॅरडांत मोजतात. तेवढ्यानें चिपचें स्मरण क्षणभरच टिकेल. ही अडचण सच्छिद्र कोळशानें दूर केली. एक ग्रॅम सक्रिय कोळशाच्या छिद्रांतील एकूण पृष्ठभाग एक हजार चौरस मीटरांहूनही अधिक भरतो, आणि जितका पृष्ठभाग मोठा तितकी वीज अधिक मावते. १९५७ सालीं अमेरिकेंत या कल्पनेचें पेटंट झालें, आणि १९७० च्या दशकांत जपानच्या एनईसी कंपनीनें असे कपॅसिटर विक्रीस आणले. संगणकाच्या स्मृतीचें रक्षण हाच त्यांचा आरंभींचा मुख्य उपयोग. आज एक फॅरडचा, म्हणजे दहा लक्ष मायक्रोफॅरडांचा, ५.५ व्होल्ट सोसणारा कपॅसिटर रुपयाच्या नाण्याएवढा मिळतो.

तो किती दिवस पुरेल, याचा हिशेब आमच्या शाळकरी वाचकांनाही करतां येईल. कपॅसिटर साडेचार व्होल्टांपर्यंत भरला, आणि चिपला दोन व्होल्ट पुरतात; तेव्हां वापरावयास अडीच व्होल्ट मिळाले. एका फॅरडास अडीच व्होल्टांनीं गुणलें म्हणजे अडीच कूलंब वीज. चिपनें दहा मायक्रोअँपिअर घेतले तर ही वीज अडीच लक्ष सेकंद, म्हणजे जवळ जवळ तीन दिवस पुरेल. चिप उत्तम असून एकच मायक्रोअँपिअर घेत असली, तर पंचवीस लक्ष सेकंद, म्हणजे एकोणतीस दिवस. कपॅसिटर स्वतःही थोडी वीज गळूं देतो, म्हणून त्यांतून कांहीं दिवस वजा धरावे. सारांश, कांहीं दिवसांपासून तीन चार आठवड्यांपर्यंत त्याची मजल.

पुतण्यानें प्रथम यंत्राचा प्लग काढला. कारण त्या काळच्या यंत्रांत आंकडे दाखविणाऱ्या कांचनळ्यांस १९० व्होल्टांच्या सुमाराची वीज देत असत, आणि ती जिवाशीं गांठ आहे. मग बोर्ड बाहेर काढून, हातमोजे घालून, पाणी मिसळलेलें व्हिनेगर व जुना दांतांचा ब्रश यांनीं क्षार धुतला. क्षारावर आम्लाची मात्रा, हें जुनेंच वैद्यक! नंतर स्वच्छ पाण्यानें धुऊन बोर्ड दोन दिवस वाळविला. काळवंडलेलें तांबें चकाकेपर्यंत खरवडलें, खाल्लेले चार भाग बदलले, आणि बॅटरीच्या जागीं धन-ऋण टोकें नीट पाहून कपॅसिटरास डाख दिला. तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं यंत्र पहिल्याच कळीला सुरू झालें. वर उच्चांकाच्या जागीं कांहीं तरी निरर्थक आंकडे उमटले. ते पुसून पुतण्यानें तेथें शून्य आणलें. तळघरांत कोणीच कांहीं बोललें नाहीं.

गुण-दोष

कपॅसिटराचा मोठा गुण हा कीं, त्यांत झिरपून नाश करील असा क्षाराचा सांठा नसतो. त्याच्यांतही द्रव असतो, पण तो अत्यल्प व बंदिस्त. बॅटरीसारखा तो वर्षा दोन वर्षांनीं बदलावा लागत नाहीं. जेथें पूर्वीं भरणारी बॅटरी होती, तेथें भरण्याची व्यवस्था बोर्डावर आधींच असते; त्यामुळें अदलाबदल सोपी.

त्याचा दोष एकच, पण तो सांगितलाच पाहिजे. कपॅसिटर दीर्घकाळचा सोबती नव्हे. यंत्र दर आठवड्यास, निदान पंधरा दिवसांनीं, दोन तीन तास चालू ठेवावें लागतें. कारण कोळशाच्या खोल छिद्रांपर्यंत वीज मुरावयास वेळ लागतो. समईंत तेल घालण्याचें विसरलें तर दोष समईचा नव्हे. त्याच उन्हाळ्यांत कुटुंब चार आठवडे प्रवासास गेलें, आणि परत येऊन पाहतात तों यंत्र सर्व विसरून बसलेलें!

शिवाय, जेथें पेन्सिल सेलांचीं तीन घरें असत, तेथें कपॅसिटर नुसता जोडून भागत नाहीं. साधे सेल भरूं नयेत म्हणून तेथें वाटेंत एक डायोड, म्हणजे विजेला एकाच दिशेनें जाऊं देणारी झडप, बसविलेली असते. तिच्यामुळें कपॅसिटरापर्यंत वीज पोंचतच नाहीं. त्या जागीं योग्य रोधक योजावा लागतो. उलट ज्यास नाण्याच्या आकाराचा लिथियम सेल बसवावयाचा असेल, त्यानें ही झडप अवश्य ठेवावी. कारण तो सेल भरूं गेल्यास फुटण्याचें भय असतें. असा सेल वर्षानुवर्षें पुरतो. कांहीं जण सेलांची पेटी लांब वायरीनें बोर्डाबाहेर, खालच्या बाजूस टांगतात. फुटला तर फुटला, बोर्ड तरी वांचला. आणि आतां तर वीज नसतांही स्मरण ठेवणाऱ्या चिपा निघाल्या आहेत. त्या बसविल्या म्हणजे बॅटरी नको, कपॅसिटरही नको. महिनोन् महिने बंद राहणाऱ्या यंत्रास हाच उपाय उत्तम. पण घरांत मुलें आहेत आणि यंत्र दर रविवारीं चालतें, तेथें कपॅसिटर स्वस्त, निरुपद्रवी व पुरेसा आहे असें आमचें मत झालें.

आमच्या वाचकांस यांतून घ्यावयाचें तें इतकेंच. आजच सायंकाळीं घरांतील विजेऱ्या, भिंतीवरचीं घड्याळें, दूरदर्शनचे रिमोट आणि मुलांचीं खेळणीं उघडून पाहावीं. जी वस्तु महिनाभर लागणार नाहीं, तिच्यांतील सेल काढून ठेवावे. पांढरी पूड दिसली तर ती उघड्या हातानें न पुसतां व्हिनेगरांत भिजविलेल्या कापसानें टिपून काढावी, व मग कोरड्या फडक्यानें पुसावें.

निघण्याच्या आदल्या दिवशीं आम्ही तळघरांत गेलों, तेव्हां यंत्राशेजारीं भिंतीवर एक जाड कागद चिकटविलेला दिसला. आमच्या नातीनें त्यावर मोठ्या अक्षरांत पहिली ओळ लिहिली होती : ‘आजोबा, १९९४, ६,४८,२७०.’ दुसरी ओळ तिच्या स्वतःच्या नांवाची होती. आंकडा पहिल्याच्या निम्म्यानेंही नव्हता. खालीं बरीच जागा मोकळी सोडली होती. पेन्सिल दोरीनें बांधून खिळ्याला अडकविली होती.